गोळी सुरू झाली, थांबणार कधी?

मंडळी, विषय जाहीर झाल्यापासून मला एकच विचारणा होते आहे : स्वतः डॉक्टर असून तुम्ही औषधांविरुद्ध बोलणार? नाही बोलणार. टाइप-१ मधुमेह झालेलं मूल १९२२च्या आधी वाचत नसे. त्या वर्षी इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णांना दिलं गेलं आणि ही मुलं जगू लागली, मोठी होऊ लागली. हे ज्याला ठाऊक आहे त्याने औषधांना नावं ठेवायची म्हणजे कृतघ्नपणा झाला. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. एकदा गोळी लिहून झाली आणि गिळून झाली की डॉक्टर आणि पेशंट दोघंही विचार करायचं थांबवतात.

रोज गोळ्या घेणाऱ्या कुणालाही विचारा, ही कशासाठी? बहुतेक जण बरोबर सांगतात. ही बीपीची, ही पित्ताची, ही छोटी झोपेची. मग विचारा, ही बंद कधी होणार? समोरचा गोंधळतो. असं काही असतं, हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आमच्या चिठ्ठीवर गोळी सुरू केल्याची तारीख असते. थांबवायची तारीख आम्ही अँटिबायोटिक सोडलं तर फारशी लिहीतच नाही.

एक चिठ्ठी तुमच्यासमोर उलगडतो. अशी चिठ्ठी माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने पाहिलेली असते, म्हणून पेशंटला आपण नुसतं 'आजी' म्हणू. आजींचे गुडघे दुखतात. त्यासाठी पेनकिलर सुरू झाली, रोज. या जातीच्या पेनकिलर शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपी चढू शकतं. आजींचं चढलं. मग बीपीसाठी ॲम्लोडिपिन. औषध चांगलं आहे, पण त्याने काही जणांच्या घोट्यांना सूज येते. आजींच्या घोट्यांना आली. सूज म्हणजे पाणी साठलं, असं समजून लघवीची गोळी दिली गेली. खरं तर ही सूज वेगळी. ॲम्लोडिपिनने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालेलंच नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने सूज फारशी हटत नाही. पण गोळी आपलं काम करतेच. तिच्यामुळे रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं आणि एके दिवशी पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागला. त्यावर काय? आणखी पेनकिलर. रात्री लघवीला तीनदा उठावं लागतं म्हणून झोप नाही, म्हणून झोपेची गोळी. पेनकिलरने पोटात आग पडते, म्हणून पित्ताची. झोपेच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत टिकते, आणि अशाच एका सकाळी आजी बाथरूमच्या दारात पडतात.

यात चूक कुणाची? प्रत्येक पायरीवरचा डॉक्टर समोरच्या तक्रारीला उत्तर देत होता. १९९०च्या दशकात पॉला रोचॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी या साखळीला 'प्रिस्क्रायबिंग कॅस्केड' असं नाव दिलं : औषधाचा दुष्परिणाम हाच नवा आजार समजायचा आणि त्याच्यावर नवं औषध द्यायचं. आपल्याकडे याला आधीपासून म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणि गुडघ्याचं काय झालं? मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, थोडं वजन उतरवणं, ही तिथली खरी कामं. ती या सगळ्या धावपळीत राहूनच गेली.

पित्ताच्या गोळीवर जरा थांबतो, कारण ती इतकी निरुपद्रवी वाटते की लोक तिला औषधात मोजतच नाहीत. ओमेप्राझोल आणि त्याची भावंडं पोटातलं ॲसिड फार परिणामकारकपणे कमी करतात. रक्तस्राव होणारा अल्सर असेल तर ती जीव वाचवतात. पण २००९मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एक साधा आणि काहीसा खट्याळ प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना पित्ताचा काहीही त्रास नव्हता अशी १२० धडधाकट माणसं घेतली. निम्म्यांना आठ आठवडे या जातीची गोळी आणि मग चार आठवडे खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली, गोळी दिली. उरलेल्या निम्म्यांना पूर्ण बारा आठवडे खोटीच. शेवटच्या चार आठवड्यांत खरी गोळी सुटलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी वर येणं असले त्रास झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे ज्यांना दुखणं नव्हतं त्यांना ते गोळी सोडल्यावर लागलं. ॲसिड दाबून ठेवलं की पोट ते बनवायची तयारी वाढवतं, आणि दाब निघाला की काही आठवडे उसळी येते. आता साधा माणूस काय करतो? गोळी बंद करून बघतो, चौथ्या दिवशी छातीत आग पडते आणि तो म्हणतो, बघा, मला ही लागतेच. रात्री जेवून लगेच आडवं होणं, सिगारेट, पोटाचा घेर, यांच्याकडे वळायची वेळच येत नाही.

इथे एक गैरसमज होऊ नये. मूळ कारण शोधायचं म्हणजे पेशंटला राहणीमानावरून प्रवचन द्यायचं, असं अजिबात नाही. अल्सरचंच घ्या. कित्येक वर्षं डॉक्टर सांगत आले, तुम्ही फार चिंता करता, तिखट खाता, त्यामुळे अल्सर होतो. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या द्यायच्या, अल्सर भरायचा, गोळी थांबली की पुन्हा यायचा. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२मध्ये पोटातला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. अल्सरचं मूळ या जंतूत आहे, हे लोकांना पटेना, तेव्हा १९८४मध्ये मार्शलने तो जंतू स्वतःच पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणून घेतली. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज ज्या अल्सरचं कारण तो जंतू असतो तो एक-दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सनी, पित्ताच्या गोळीच्या जोडीने, बहुधा कायमचा जातो. इथे मुळावर घाव घातला तोही गोळीनेच, पण त्या गोळीला शेवटची तारीख होती. आणि 'चिंता करू नका' हा सल्ला जेवढ्या आत्मविश्वासाने दिलेला, तेवढाच निरुपयोगी होता, हेही आमच्या लोकांनी लक्षात ठेवावं.

मग आपण असे का वागतो? कंपन्या, जाहिराती, लोभ, हे सगळं आहे आणि त्यावर भरपूर बोललं जातं. मला जास्त छळतो तो वेळेचा हिशोब. झोपेची गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. झोप का उडाली हे काढून घ्यायला पाऊण तास. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६मध्ये स्पष्ट शिफारस केली की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार वर्तन बदलणाऱ्या थेरपीचा, गोळीचा नंतर. या थेरपीत करतात काय? रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. झोप येत नसेल तर पलंगावर तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. पलंगावरचा वेळच सुरुवातीला कमी करायचा. पहिले काही दिवस माणूस आणखी थकतो आणि डॉक्टरला शिव्या घालतो. त्याला धरून ठेवणारं कुणीतरी प्रशिक्षित लागतं, आणि तसं माणूस बहुतेक ठिकाणी मिळत नाही. गोळी मात्र सगळीकडे मिळते.

अमेरिकेतला मधुमेह टाळण्याचा मोठा अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. ३,२३४ माणसं, सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, हे ध्येय दिलेल्या गटात ५८ टक्क्यांनी. हे आकडे भाषणांत नेहमी सांगतात. पुढचं सांगत नाहीत : त्या गटातल्या प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता आणि पहिल्या सहा महिन्यांत सोळा धडे त्याच्यासोबत बसून पूर्ण करायचे होते. आम्ही पेशंट दारातून बाहेर पडताना 'जरा चालत जा हं' म्हणतो आणि त्याने ऐकलं नाही म्हणून नाराज होतो. सल्ल्यालाही डोस असतो. तो एक दशांश दिला तर गुण कसा येणार?

आणि ज्याला दोन नोकऱ्या करून रात्री अकराला घर दिसतं त्याला चालायला सांगणं ही थट्टाच आहे. १८४८मध्ये रुडॉल्फ फिर्शो या तरुण डॉक्टरला प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशियात (आजच्या पोलंडमध्ये) टायफस या उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ पाहायला पाठवलं. त्याने परत येऊन शिफारशी केल्या त्या शिक्षणाच्या, लोकशाहीच्या, रस्त्यांच्या, गरिबांवरचा कर कमी करण्याच्या. कामाचे तास, घरातली दाटी, एकटेपणा, कर्ज, यांतलं काहीच डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. त्यामुळे जे लिहिता येतं तेच आम्ही लिहितो.

आता समोरून विचारलं गेलंय की मग उद्यापासून गोळ्या बंद करून पाहू का? कृपा करून असं करू नका. हृदयाची धडधड कमी करणाऱ्या काही गोळ्या अचानक थांबवल्या तर छातीत कळ येऊ शकते. झोपेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकदम तोडल्या तर झटके येऊ शकतात. घरातली सगळी औषधं, दुकानातून आपणच आणलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांसमोर ओता आणि प्रत्येकीबद्दल विचारा, हिचं कारण अजून शिल्लक आहे का? आजींच्या बाबतीत आधी रोजची पेनकिलर कमी करू, मग बीपी पाहून ॲम्लोडिपिन बदलू. सूज उतरली की लघवीची गोळी आपोआप निरुपयोगी ठरते. पेनकिलर गेली की पित्ताचीही टप्प्याटप्प्याने सुटते. झोपेची सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू, आठवड्यांच्या हिशोबाने, डोस थोडा थोडा उतरवत. त्या दिवसांत झोप बिघडणार, हे आजींना आणि त्यांच्या सुनेला आधी बसवून सांगावं लागतं. नाहीतर तिसऱ्या रात्री सूनच उठून त्यांना पूर्ण गोळी देते.