घळीपलीकडचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका घराची गोष्ट सांगायची आहे. घर इटलीतलं आणि ते लढून घ्यायला गेलेला माणूस कॅनडाचा. घराचं नाव कासा बेरार्दी. माणसाचं नाव कॅप्टन पॉल त्रिके. ही दोन नावं तेवढी लक्षात ठेवा: कासा बेरार्दी आणि त्रिके.

दुसरं महायुद्ध, १९४३ सालचा डिसेंबर. जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांचं आठवं सैन्य एड्रियाटिक समुद्राच्या काठाकाठानं उत्तरेकडे सरकत होतं. वाटेत नदीमागून नदी. आधी सांग्रो, मग मोरो. वरून पाऊस, खाली चिखल. आपल्याकडे आषाढात शेताच्या बांधावरून चालताना चप्पल कशी रुतून बसते, ते तुम्हाला सांगायला नको. तिथे रणगाडे तसे रुतत होते. कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनला ओर्तोना हे बंदर घ्यायचं होतं. आणि त्यांच्या डाव्या अंगाला कोण लढत होतं? आठवी हिंदी, म्हणजे भारतीय, डिव्हिजन. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. म्हणजे त्याच पावसात, त्याच चिखलात आपल्या गावांतली पोरं उभी होती. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींतसुद्धा आलेली मी वाचलेली नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओर्तोनाच्या अलीकडे एक घळ होती. सह्याद्रीतल्या माणसाला घळ म्हणजे काय ते कळतं. खोल, अरुंद, कडेला झाडोरा. जर्मनांनी तिच्यात मशीनगन आणि उखळी तोफा दडवून ठेवल्या होत्या. कॅनडाच्या पलटणींनी त्या घळीवर हल्ल्यामागून हल्ले केले आणि त्यांची माणसं पडत राहिली. घळीपलीकडे, ओर्तोनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कासा बेरार्दी. ते घर हाती आलं तर रस्ता हाती येणार होता.

१४ डिसेंबरला हे काम आलं रॉयल बावीस रेजिमेंटकडे. ही क्वेबेकची, फ्रेंच बोलणारी पलटण. फ्रेंचमधल्या 'बावीस' या शब्दावरूनच इंग्रजी बोलणारे सोबती तिला 'व्हॅन डूज' म्हणत. हुकूम फ्रेंचमध्ये, शिव्या फ्रेंचमध्ये, प्रार्थनाही फ्रेंचमध्ये. इथे थोडं विषयांतर करतो. संकटात माणसाच्या कानाला आईची भाषाच आधी कळते, असं माझं ठाम मत आहे. पोरांना गणित मराठीतून शिकवा म्हणून मी जो आग्रह धरतो, तो याचसाठी. असो.

त्रिके सी कंपनीचा प्रमुख. वय ३३. क्वेबेकमधल्या काबानो गावचा. १९२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी याच रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि एकेक पायरी चढत कॅप्टन झाला. शिपायाच्या पोटात भीतीचा गोळा कधी येतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

कंपनी घळीजवळ पोचली आणि चारी बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. बघता बघता त्रिकेच्या हाताखालचे सगळे अधिकारी पडले. सगळे. आणि निम्मे जवान मेले किंवा जखमी झाले. उरलेले जमिनीला चिकटून पडलेले. अशा वेळी त्रिके उठला आणि एकेकापाशी जाऊ लागला. म्हणाला, 'लक्ष देऊ नका त्यांच्याकडे, त्यांना नेम धरता येत नाही.'

श्रोतेहो, आजूबाजूला निम्मी कंपनी पडलेली आहे! नेम येतो की नाही, ते प्रत्येकाला दिसत होतं. तरी माणसं उठली. कारण हे सांगणारा स्वतः उभा होता.

ऑन्टारियो रेजिमेंटचे शर्मन रणगाडे सोबतीला होते. रणगाडे आणि पायदळ एकमेकांना सांभाळत पुढे निघाले. घर जवळ आलं आणि कळलं, जर्मन मागूनही शिरलेत. मग त्रिके ओरडला, 'शत्रू आपल्या पुढे आहे, मागे आहे, दोन्ही अंगांना आहे. सुरक्षित जागा आता एकच, जिथे पोचायचंय ती!' आणि तो धावत सुटला. माणसं त्याच्यामागे धावली. पुन्हा सांगतो, कारण हे वाक्य मी कितीदा वाचलं तरी अंगावर काटा येतो: सुरक्षित जागा एकच, जिथे पोचायचंय ती.

कासा बेरार्दीच्या कडेला पोचले तेव्हा कंपनीत उरले होते दोन सार्जंट आणि पंधरा जवान. पूर्ण कंपनीतले सतरा. त्रिकेनं त्यांना उरलेल्या रणगाड्यांभोवती कडं करून बसवलं आणि एक परवलीचं वाक्य दिलं: 'ते इथून पुढे जाणार नाहीत.' पहिल्या महायुद्धात व्हर्दनला फ्रेंचांनी हेच म्हटलं होतं. लगेच जर्मन रणगाडे चालून आले. त्रिके या टोकाला, त्रिके त्या टोकाला, हाती येईल ते हत्यार घेऊन. एक हल्ला परतवला, मग दुसरा, मग आणखी. दुसऱ्या दिवशी बाकीची पलटण आली, कासा बेरार्दी घेतलं आणि या मूठभरांची सुटका झाली.

पुढचं थोडक्यात. २८ डिसेंबरला ओर्तोना पडलं. मार्च १९४४ मध्ये त्रिकेला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक, जाहीर झालं. १९४२ च्या सार्वमतात सक्तीच्या भरतीच्या प्रश्नावर क्वेबेकनं 'नाही' म्हटलं होतं, त्यामुळे क्वेबेकचा हा वीर सरकारला लोकांपुढे हवाच होता. घळीत सोबती गमावून आलेल्या माणसाला सत्कार आणि भाषणं सोपी गेली नसणार, असं मला वाटतं. १९८० साली क्वेबेकमध्ये तो वारला.

ओर्तोनाजवळ मोरो नदीच्या नावाची युद्धस्मशानभूमी आहे. तिथे सोळाशेंहून अधिक थडगी आहेत, त्यांतली १३७५ कॅनडाच्या सैनिकांची. तिथून दक्षिणेला, सांग्रो नदीकाठच्या स्मशानभूमीत दहन झालेल्या ५१७ हिंदी जवानांचं स्मारक आहे. कुणी इटलीला जाणार असाल, तर दोन्हीकडे जाऊन या. थोडी फुलं घेऊन जा.

नमस्कार.