आकाशाचा लिलाव

(पडद्यावर: लासलगाव बाजार समिती, सकाळ. कांद्याच्या ट्रॅक्टरांची लांब रांग.)

हे लासलगाव. साडेनऊ वाजलेत आणि रांगेतला हा तिसरा ट्रॅक्टर रात्री अडीचपासून इथं उभाय. आता बघा, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी आला, एकानं वरचा कांदा उचलून दाबला, टरफल सोलून बघितलं, दुसऱ्यानं हात पार आत खुपसून खालचा काढला कारण वर निवडक माल आणि खाली बारीक गोल्टी कांदा ही ट्रिक इथं सगळ्यांना पाठ आहे, पुकारा सुरू, अकराशे, अकराशे दहा, पंचवीस, पन्नास... संपलं. अर्धा मिनिट पण नाही लागला. चार महिने कांदाचाळीत सांभाळलेला माल, काट्यावर जायचाय अजून, पण भाव ठरून गेला.

तुम्ही म्हणाल थंबनेलवर रॉकेट आणि हा माणूस कांदा काय दाखवतोय. सांगतो. आमच्या निफाड भागात पोरगं बापाबरोबर मार्केटला जायला लागलं की पहिलं काय शिकतं, तर भाव नंतर विचारायचा, आधी मोजायचं बोली लावणारे किती आहेत. पाच-सहा जण असले तर काहीतरी खरं. एकच असला तर मग तो म्हणेल तो भाव, आणि वर त्यालाच चहा पाजायचा.

आज हाच हिशोब जरा वर लावून बघू. रेडिओ, मोबाईल आणि मग पार अंतराळ.

(पडद्यावर: पत्र्याची ट्रंक. पिवळी पडलेली छोटी पुस्तिका.)

ही आजोबांची ट्रंक. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, आणि तळाशी हे. रेडिओचं लायसन्स. स्टेशन चालवायचं नाही हां, नुसता रेडिओ ऐकायचं! दरवर्षी पोस्टात जायचं, फी भरायची, इथं या चौकटीत तिकीट चिकटायचं आणि वर शिक्का बसायचा, हा बघा एक शिक्का इतका पुसट आलाय की आजोबांनी शेजारी पेनानं तारीख लिहून ठेवलीय, उद्या कोणी तपासायला आलं तर. घरात बसून गाणी आणि बाजारभाव ऐकण्यासाठी माणूस पुरावा तयार ठेवायचा. हे ऐंशीच्या दशकात कधीतरी बंद झालं आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

याचं मूळ 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात. इंग्रजांनी तारायंत्रासाठी केला, मग त्याच्याच अंगाखांद्यावर रेडिओ आला, टीव्ही आला, फोन, मोबाईल, इंटरनेट सगळं आलं, आणि त्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेत पास झाला 2023 मध्ये. 138 वर्षं. कायद्याचा गाभा एका ओळीचा होता, हा अधिकार फक्त सरकारचा, बाकीच्यांनी परवानगी मागायची.

आपल्याकडं या परवानगी प्रकरणाबद्दल सगळ्यात स्पष्ट बोललेला माणूस कोण, तर शेतकरी संघटनेचे शरद जोशी. गंमत म्हणजे ते आधी टपाल खात्यातलेच अधिकारी, स्वित्झर्लंडला बर्नमध्ये जागतिक टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि 1980 साली याच नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या. भीक नको, हवे घामाचे दाम, ही घोषणा आमच्या गावात भिंतीवर कितीतरी वर्षं होती. पण त्यांची दोन शब्दांची जोडी लोक विसरतात, बाजारस्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानस्वातंत्र्य. म्हणजे माल कुठं विकायचा हे मी ठरवणार आणि कुठलं तंत्र वापरायचं हे पण मीच ठरवणार. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही, पण दुसरा शब्द पहिल्याशिवाय चालत नाही हे मला पुढं नोकरीत कळलं.

(पडद्यावर: रामकुंड, पावसाळा. दुतोंड्या मारुती.)

मी काही वर्षं नाशिकमध्ये एका खाजगी एफएमवर होतो. नाव सांगत नाही. एका ऑगस्टात गोदावरीला पूर आला, नाशिककर पूर कसा मोजतो तुम्हाला माहितीय, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. मी स्टुडिओत, फोन खणखणतायत, लोक विचारतायत. प्रशासनानं दिलेली माहिती मी वाचू शकत होतो, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, कुठला पूल बंद. पण एका बाईनं फोनवर विचारलं की अहो आदल्या दिवसापासूनच थोडं थोडं का नाही सोडलं, आमचं दुकान वाचलं असतं. हा प्रश्न ऑन एअर घ्यायचा नाही म्हणून मला काचेपलीकडून हात दाखवला. कारण तो झाला बातमीचा विषय, आणि भारतात खाजगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावायचं तर लावा. टीव्हीवर चोवीस तास न्यूज चॅनेल चालतात, युट्यूबवर मी आत्ता हे बोलतोय, पेपर तर आहेतच, फक्त रेडिओवर प्रश्न विचारायचा नाही! याचं लॉजिक मला आजपर्यंत कोणी समजावू शकलेलं नाही. मी गाणं लावलं.

आणि हे असं पहिल्यांदा होतंय का, नाही. 1960 साली सरकारनं ऑर्डर काढली की वर्तमानपत्रानं किती पानांना किती पैसे घ्यायचे ते आम्ही ठरवणार. हेतू ऐकायला छान, मोठ्या पेपरांनी छोट्यांना गिळू नये. पण पानं तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पानं कमी करा, दोन्हीकडून वाचकच कमी होणार. पुण्याचा सकाळ सुप्रीम कोर्टात गेला आणि 1961 मध्ये कोर्टानं ते सगळं रद्द केलं. पेपरचा धंदा आणि पेपरचं बोलणं असे दोन तुकडे करता येत नाहीत, धंद्यावर पाय दिला की बोलणं आपोआप दबतं, असा तो निकाल. मग 1995 मध्ये क्रिकेट मॅचच्या प्रक्षेपणावरून भांडण कोर्टात गेलं, न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते, तिथं ठरलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारची मक्तेदारी नाही. टाळ्या. पण लगेच पुढचं वाक्य असं की जनतेची म्हणून तिच्यावर नियंत्रण हवं. आणि जनतेच्या वतीनं सही कोण करणार? तोच पोस्टातला शिक्का.

(पडद्यावर: जुना एसटीडी बूथ, मग मोबाईल टॉवर.)

फोनचं थोडक्यात उरकतो, कारण ते सगळ्यांनी भोगलंय. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. 31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता आणि इनकमिंगला पण पैसे. पुढं कंपन्या वाढल्या, भांडल्या, दर कोसळले, एवढीच स्टोरी आहे.

मधली गोष्ट मात्र कांदेवाल्याला जास्त चांगली कळेल. मोबाईल ज्या रेडिओलहरींवर चालतो त्या कंपन्यांना वाटून द्यायच्या कशा? रोनाल्ड कोस नावाच्या अर्थतज्ञानं 1959 मध्येच लिहिलं होतं की सरकारी कमिटीनं लायक माणूस निवडण्यापेक्षा लिलाव करा, ज्याला खरी गरज तो जास्त मोजेल. तेव्हा लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं. अमेरिकेनं लिलाव सुरू केले 1994 मध्ये, कोसला तोवर नोबेल मिळून तीन वर्षं झाली होती. आपण काय केलं, 2008 च्या जानेवारीत टूजी मोबाईलच्या लहरी आधी येईल त्याला, आणि ते पण आजचा भाव न घेता 2001 च्या भावात. एका दुपारी प्रेसनोट निघाली, थोड्या तासांत कागदं आणि डिमांड ड्राफ्ट घेऊन हजर व्हा, आणि काही लोक बरोब्बर तयारच होते. लासलगावात असं झालं असतं तर त्या दिवशी ऑफिसच्या काचा राहिल्या नसत्या. फेब्रुवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं 122 लायसन्स रद्द केली. फौजदारी खटल्यात 2017 साली सगळे सुटले, तो भाग वेगळा. पण त्याच काळात 2010 ला थ्रीजीचा लिलाव झाला त्यात सरकारला सुमारे 67,700 कोटी मिळाले, म्हणजे बोली लावणारे होते, फक्त त्यांना बोलवायचं होतं.

आता यावर मुक्त बाजारवाले पण आपसात भांडतात बरं का. सॅटेलाइट इंटरनेटच्या लहरींचा लिलाव करायचा की नाही? मोबाईल कंपन्या म्हणतात आम्ही पैसे मोजले, त्यांनी पण मोजावे. नव्या कायद्यात मात्र सॅटेलाइटसाठी लिलाव नाही, सरकार ठरवून देणार. मी इथं, लिलावाचा भक्त असून, सरकारच्या बाजूनं आहे. कारण मोबाईलची लहर म्हणजे ट्रॉली, एकाला दिली की संपली. सॅटेलाइटची लहर म्हणजे पाटाचं पाणी, पाळ्या नीट लावल्या तर अनेकांना पुरतं. पाटाचं पाणी एकालाच विकलं तर खालच्या शेतकऱ्यांनी काय करायचं? लिलाव सुद्धा कुठं लावायचा याला अक्कल लागते.

(पडद्यावर: अंबड एमआयडीसी. छोटा वर्कशॉप, सीएनसी मशीन, हिरवट कूलंट उडतंय.)

आता रॉकेट. पण श्रीहरिकोट्याला नाही जायचं, अंबडला. या काकांचं शेड बघा, चार मशीन, दारात तुळस. टेबलवर ॲल्युमिनियमचा एक गोल तुकडा आहे, मुठीत मावेल एवढा, काका मला हात लावू देत नाहीत कारण घामाचा डाग पडतो. ड्रॉइंगवर माप मायक्रॉनमध्ये. काकांनी तो कापडावर ठेवून मायक्रोमीटरनं तीन जागी मोजला, वहीत लिहिला, परत मोजला. असे बारा केले, त्यातला एक नापास, तो त्यांनी पेपरवेट म्हणून ठेवलाय.

नाशिकला हे नवीन नाही. ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात साठच्या दशकापासून मिग बनले, नंतर सुखोई, आणि आजूबाजूला सातपूर-अंबडमध्ये शेकडो पोरं त्या कामावर शिकली. काका पण त्यातलेच. कौशल्य इथं कधीच कमी नव्हतं. कमी होतं ते गिऱ्हाईक. विमानाचा पार्ट केला तर घेणार एकच, रॉकेटचा केला तर घेणार एकच, आणि तो एकच गिऱ्हाईक परत सरकार. बिल आठ महिने अडकलं तरी बोलायचं नाही, कारण दुसरीकडं जायचं कुठं?

इस्रोला नावं ठेवायची नाहीत मला. 1969 पासून त्यांनी जे केलं ते कमी पैशात आणि खरंच भारी केलं. पण रॉकेट बनवणार तेच, उडवणार तेच आणि दुसऱ्यानं उडवायचं की नाही हे ठरवणार पण तेच, हे कुठल्याच खेळात चालत नाही. 2020 मध्ये सरकारनं हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना उघडलं, परवानगीसाठी इन-स्पेस ही वेगळी संस्था केली, 2023 मध्ये धोरण आलं. 18 नोव्हेंबर 2022 ला स्कायरूट या खाजगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट 89.5 किलोमीटरवर गेलं, 30 मे 2024 ला अग्निकुल या दुसऱ्या कंपनीनं थ्रीडी प्रिंट केलेल्या एका अखंड इंजिनावर उड्डाण केलं.

लगेच कोणीतरी स्पेसएक्सवाल्या मस्कचं नाव घेणार म्हणून सांगतो, तिकडं पण निव्वळ बाजार नव्हता. 2006 मध्ये नासानं ठरवलं की रॉकेट आम्ही बनवून घेणार नाही, अंतराळ स्थानकावर सामान पोचवायचं भाडं देऊ, टप्पा पूर्ण केला की पैसे, नाही तर नाही. दोघांना काम दिलं, त्यातल्या एकाला बाहेरून भांडवल उभं करता आलं नाही, त्याला काढून दुसरा घेतला. पुढं 2014 मध्ये माणसं न्यायचं काम पण दोघांना दिलं, बोइंगला 420 कोटी डॉलर, स्पेसएक्सला 260 कोटी. मग 2024 मध्ये बोइंगच्या यानात अडचण आली तेव्हा सुनीता विल्यम्स मार्च 2025 ला परत कशात आल्या? दुसऱ्याच्या यानात. आधीपासून दोन गाड्या लावून ठेवल्या होत्या म्हणून.

आपल्याकडं अजून खोट आहे. इन-स्पेस अवकाश विभागाच्याच घरात बसते, आणि धोरण म्हणजे कायदा नाही, धोरण एका परिपत्रकानं फिरतं. कांदेवाल्याला विचारा, डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी एका रात्रीत आली आणि दुसऱ्या दिवशी इथले लिलावच बंद पडले. दहा वर्षांसाठी पैसा लावणारा माणूस हे बघतो. आणि 2025 च्या जूनमध्ये इस्रोच्या छोट्या रॉकेटचं तंत्रज्ञान द्यायचं होतं, बोली लावली, आणि जिंकलं कोण? एचएएल, 511 कोटींना. सरकारी मालाला सरकारी व्यापारी. ओझरला काम आलं तर मला आनंदच आहे, आमचीच पोरं लागतील, पण मी लिलावात बोली लावणारे मोजतो, सवय आहे.

(पडद्यावर: परत तोच वर्कशॉप. संध्याकाळ.)

शूट संपत आलं तेव्हा काकांना फोन आला. एका नव्या कंपनीचा पोरगा, वय असेल सत्तावीस, त्यांना असाच पार्ट हवाय, शंभर नग. काकांनी भाव सांगितला. तिकडून तो कमी करायला म्हणत होता हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. काका पेपरवेट हातात फिरवत म्हणाले, नाही हो साहेब, परवडत नाही, आणि दोन दिवसांत सांगा, माझ्याकडं अजून एकाचं ड्रॉइंग आलंय.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, खरंच आलंय का?

काकांनी ड्रॉवर उघडून दाखवलं.