दिवे गेले तरी उठू नका

नमस्कार श्रोतेहो. आज सिनेमाबद्दल थोडं आणि प्रेक्षकांबद्दल जास्त बोलणार आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, काहींनी अर्ध्यावर सोडला असेल. सोडलेल्यांनी रेडिओ बंद करू नका, मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

चित्रपट २०१४चा. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, मग आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एप्रिल २०१५मध्ये तो चित्रपटगृहांत आला. गोष्ट एका वाक्यात सांगता येते. गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली, असा आरोप येतो. खटला उभा राहतो, तारखा पडत राहतात. पण दोन तारखांच्या मध्ये कॅमेरा वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. आरोपीचा वकील, सरकारी वकील, शेवटी न्यायाधीशसुद्धा. माणूस म्हणून ते कसे आहेत, हे लांबून आणि न हलता पाहत राहतो. प्रसंग संपला तरी कॅमेरा तिथंच असतो. इथंच प्रेक्षकांचे दोन तट पडतात.

आता किस्सा सांगतो. एका तालुक्याच्या गावी तिथल्या फिल्म सोसायटीनं शाळेच्या हॉलमध्ये हा चित्रपट लावला होता, मलाही बोलावलं होतं. विषय कोर्टाचा, म्हणून बार रूममधले वकील आले होते, कॉलेजची मुलं होती आणि पहिल्या रांगेत न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार. त्यांना सगळे अण्णाच म्हणत.

सुरुवातीला मुलं चुळबुळ करत होती. बिनबाह्यांचा कपडा घातला म्हणून न्यायाधीश एका बाईंची केस त्या दिवशी ऐकतच नाहीत, तेव्हा हॉलभर हशा झाला. अण्णा हसले नाहीत. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते आपल्या भाषेत टायपिस्टला सांगतात, ते मात्र अण्णा मान पुढं काढून ऐकत होते. साक्षीदार काय बोलला आणि कागदावर काय आलं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं.

मग सरकारी वकील नूतनबाई लोकलनं घरी निघाल्या, मुलाला घेतलं, स्वयंपाक केला. गीतांजली कुलकर्णींनी ही भूमिका केली आहे. माझ्या मागं एक शिक्षिका होत्या, त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, "अगं, हिचा राग यायला हवा ना? मला येतच नाहीये." थोड्या वेळानं तेच कुटुंब नाटकाला जातं. परप्रांतीयांवर डाफरणारं नाटक. पडद्यावरचे प्रेक्षक हसतात. आमच्या हॉलमध्येही चार-दोन जण हसले. त्या शिक्षिका काहीच बोलल्या नाहीत.

आणि मग तो क्षण आला. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा. प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या मुलाला वाटलं संपलं, त्यानं हॉलचे दिवे लावले. निम्मा हॉल उठला, चपला शोधू लागला. अण्णा जागचे हलले नाहीत. मागं वळून मोठ्यानं म्हणाले, "बसा की! सुट्टी कोर्टाला लागलीय. आत बसलेल्याला कुठली सुट्टी? आणि साहेब सुट्टीत काय करतात, ते बघू द्या."

श्रोतेहो, लोक बसले. दिवे पुन्हा गेले. न्यायाधीश सहलीला गेलेले दिसले. बाकावर डुलकी लागते, मुलं ओरडून त्यांना दचकवतात आणि ते एका पोराला थोबाडीत मारतात. कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि हसू मध्येच तुटलं.

नंतर चर्चा झाली. कॉलेजचा एक मुलगा उठून म्हणाला, "मला कंटाळा आला. काही घडतच नाही." वकील मंडळी त्याला समजवायला सरसावली. अण्णांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्या मुलाला म्हणाले, "बरोबर बोललास बाळा. कोर्टात असाच कंटाळा येतो. तू दोन तासांत उठून घरी जाशील. ज्याची तारीख आहे, त्याला उठता येत नाही."

हे मी जिथं जाईन तिथं सांगतो. कारण 'प्रेक्षकाला कळत नाही' हे वाक्य मला मान्य नाही. पुन्हा सांगतो, मान्य नाही. कंटाळा हीसुद्धा प्रतिक्रिया आहे. राग न येण्याचा त्रास हीसुद्धा प्रतिक्रिया आहे. त्या शिक्षिकेनं आणि त्या मुलानं चित्रपट अगदी नीट पाहिला होता.

जाता जाता एक बोलतो, विषय थोडा सुटेल. असे चित्रपट मध्यंतराशिवाय दाखवावेत. वड्यासाठी पंधरा मिनिटं सोडली की माणूस गोष्टीतून बाहेर पडतो आणि परत येतो तो फक्त देहानं. आणि आकाशवाणीवर श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, पुन्हा नियमानं व्हाव्यात, असंही मला मनापासून वाटतं. ज्यानं रेडिओवर दोन संवादांमधली शांतता ऐकली आहे, त्याला न हलणाऱ्या कॅमेऱ्याची भीती वाटत नाही.

नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१मध्ये कोरोनानं ते गेले. चित्रपटात खटला त्यांच्यावर आहे, पण कॅमेरा बाकीच्यांसारखा त्यांच्या संसारात शिरत नाही. आपल्याला ते जास्त करून दिसतात मंचावर, पोलिसांबरोबर आणि कोर्टात. त्या रात्री ही गोष्ट एका वकीलबाईंनी बोलून दाखवली, आणि उरलेली चर्चा तिच्यावरच चालली. दिग्दर्शकानं आरोपीवर अन्याय केला की व्यवस्था त्याच्याकडे कशी पाहते ते दाखवलं? हॉल बंद करायची वेळ झाली तरी एकमत झालं नाही. तुम्ही पाहाल तेव्हा तुमचं मत आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. आणि दिवे गेले तरी उठू नका, चित्रपट अजून बाकी असतो. नमस्कार.