लाल दिवा, हिरवा दिवा आणि आतली कडी

[दृश्य: सीताबर्डी मेन रोड, दिवाळीआधीची दुपार]

हा नागपूरच्या सीताबर्डीचा मेन रोड, आपण सगळे ज्याला नुसतं बुर्डी म्हणतो. दिवाळी तोंडावर आलीय. व्हरायटी चौकाकडून आत शिरलं की आपण चालतच नाही, गर्दीच पुढं ढकलत नेते. पडदे, चपला, ड्रेस मटेरियल, पणत्या, स्टीलचे डबे. आता जरा काउंटरच्या मागं बघा, बहुतेक मुलीच उभ्या आहेत, सकाळी येतात आणि रात्री शटर पडेपर्यंत उभ्याच असतात. फुटपाथवर माल मांडून बसलेल्यांतही बायका भरपूर.

आणि ही मागची गल्ली. इथं लेडीज टॉयलेट आहे. पाच दारं, बाहेर लाइन.

[दृश्य: दारांच्या वरचे दिवे, क्लोजअप]

प्रत्येक दाराच्या वर हा पांढरा डबा दिसतोय ना, साबणाच्या वडीएवढा, त्याला दोन दिवे आहेत. लाल म्हणजे आत कोणीतरी आहे, हिरवा म्हणजे रिकामं. तेच पाच दिवे पुन्हा बाहेर, लाइनीच्या टोकाला या बोर्डावर. म्हणजे मागं उभ्या असलेल्या बाईला आत डोकावून, दार ठोठावून, "आहे का कोणी" असं ओरडून विचारायची गरज नाही. आयडिया नवीन नाही, रेल्वेच्या नव्या पद्धतीच्या एलएचबी डब्यात बसल्याबसल्या कळतं की टॉयलेटमधे कोणी आहे, वर लाल दिवा लागतो. जपानमधे तर स्टेशनवर आणि मॉलमधे कुठल्या मजल्यावरचं टॉयलेट रिकामं आहे ते स्क्रीनवर दिसतं. आपल्या गल्लीतल्या टॉयलेटवर मात्र हे कोणी लावलं नव्हतं, ते इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोट्ट्यांनी लावलं, पोट्टे म्हणजे यात तीन मुली आणि दोन मुलं आहेत, आमच्याकडं सगळ्यांना पोट्टेच म्हणतात.

[दृश्य: हॉस्टेलची खोली, टेबलावर वायरी, सोल्डरिंग]

सुरुवात झाली मे महिन्यात. बाजारात सगळ्यात सहज मिळणारा सेन्सर म्हणजे पीआयआर, जिन्यात माणूस आला की लाइट लागतो त्यात हाच असतो. वर ही जी दुधी रंगाची टोपी आहे ती लेन्स, तिच्यातून अंगाच्या उष्णतेचे किरण आत जातात, आणि ती उष्णता हलली की सेन्सरला कळतं. हलली की. हे महत्त्वाचं आहे. माणूस शांत बसला की याच्या लेखी तो तिथं नाहीच, आणि टॉयलेटमधे माणूस शांतच बसतो. आत बाई आणि बाहेर हिरवा दिवा, म्हणजे दिवा नसता तर बरं होतं असली अवस्था.

त्यात नागपूरचा मे. 23 मे 2013 ला इथं 47.9 डिग्री तापमान होतं, आणि पंचेचाळीसच्या आसपास तर नेहमीचंच. या टॉयलेटला वर पत्रा आहे. दुपारी आतल्या भिंतीच इतक्या तापतात की माणसाची कातडी आणि भिंत यांच्यात फरकच उरत नाही, आणि पीआयआर बिचारा त्या फरकावरच जगतो. तो आंधळा होतो. डेटाशीटमधे हे लिहिलेलं असतं पण ते वाचून अंगावर येत नाही, ते या पत्र्याखाली उभं राहिल्यावर येतं.

नागपूरकरांना सेन्सरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे वेगळं सांगायला नको. 2024 च्या मे महिन्याच्या शेवटी इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 डिग्री दाखवले, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्यानंच सांगितलं की तो सेन्सर बिघडला होता. या पोट्ट्यांनी म्हणून पहिल्यापासून एक नियम ठेवला, सेन्सर काय म्हणतो ते एका वहीत आणि बाहेर बसलेल्या मावशी काय म्हणतात ते दुसऱ्या वहीत, आणि संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायच्या. हा शॉट त्याचाच आहे.

[दृश्य: दोन वह्या, बोट ओळीवरून फिरतंय]

दुसरा प्रयोग रडारचा. हो, रडारच, 24 गिगाहर्ट्झचं, बोटाच्या पेराएवढं मॉड्यूल. हे चांगलं आहे, माणूस श्वास घेतो तेव्हा छाती जेवढी हलते तेवढं हलणंसुद्धा याला कळतं, त्यामुळं शांत बसलेली व्यक्ती सुटत नाही. पण इथल्या दोन कॅबिनच्या मधे प्लायचं पार्टिशन आहे आणि प्लाय म्हणजे या लहरींना जवळपास उघडं दारच. एक नंबरमधे कोणी बसलं की दोन नंबरचा दिवा लाल. सेन्सिटिव्हिटी कमी करत गेले तर स्वतःच्याच कॅबिनमधलं माणूस दिसेना. नळाची धार, एक्झॉस्टचं पातं, त्यानंही मधेच लाल व्हायचं.

कॅमेरा लावा हे सांगणारेही भेटले. एआय कॅमेरा, तो आपोआप मोजतो वगैरे. पोट्ट्यांपैकी मुलींनी हे तिथंच संपवलं आणि मला वाटतं या सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात बरोबर निर्णय तो आहे. लेडीज टॉयलेटच्या आत कॅमेरा नाही, दारावर पण नाही. बाईला चोरून बघण्या-टिपण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहेच, पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट, बाईच्या मनात "आत काही लावलं असेल का" हा विचार आला की ती तिथं पुन्हा पाय ठेवत नाही.

[दृश्य: मावशी डबा हातात घेऊन बघताहेत]

या मावशी. इथली झाडपूस, पाणी, सगळं यांच्याकडं. पहिल्या दिवशी यांनी काय म्हटलं ते त्यांच्याच तोंडून ऐका: "म्या म्हटलं बाप्पा, हे पोट्टे कॅमेरा लावून राहिले का काय! म्हटलं खोल पह्यले, दाखव मले आत काय हाय."

आणि पोट्ट्यांमधल्या एका मुलीनं डबा खोलून दाखवला. आत हे आहे, काचेची बारीक नळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. हिला रीड स्विच म्हणतात. काचेच्या आत लोखंडाच्या जातीच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींच्या अगदी जवळ पण न टेकलेल्या. चुंबक जवळ आलं की त्या टेकतात, सर्किट जुळतं. चुंबक दारावर, नळी चौकटीवर. दार लागलं की टेकल्या, उघडलं की सुटल्या. आत लेन्स नाही, माइक नाही, ऊन असो पाऊस असो काही फरक पडत नाही, आणि किंमत शंभर रुपयांच्या आत. मावशींनी चुंबक स्वतः हातात धरून दहा वेळा जवळ-लांब केलं, दिवा लाल हिरवा लाल हिरवा. मग त्या पुढच्या येणाऱ्या प्रत्येकीला स्वतःच समजावून सांगायला लागल्या. हे पोट्ट्यांनी कितीही बोर्ड लावले असते तरी झालं नसतं.

आता इथून पुढं जे झालं त्यासाठी ही फिल्म आहे.

[दृश्य: लॅपटॉपवर पाच आडव्या पट्ट्या, चौथी पूर्ण लाल]

या पाच पट्ट्या म्हणजे पाच दारं, डावीकडं सकाळ उजवीकडं रात्र. पहिली बघा, लाल हिरवी लाल हिरवी, माणसं येताहेत जाताहेत. तिसरी, पाचवी तशीच. चौथी बघा. सकाळपासून रात्रीपर्यंत लाल. दुसऱ्या दिवशी पण लाल. पोट्ट्यांना वाटलं चुंबक चिकटलं असेल. चुंबक ठीक होतं. चार नंबरला बाहेरून कुलूप होतं, आत खराटे, फिनाईलचे कॅन, एक तुटकी टाकी. बंद दार म्हणजे आत कोणीतरी आहे असं मशीनला शिकवलं होतं, कुलूप लावलेलं दार पण बंदच असतं.

म्हणजे पाच दारांचं टॉयलेट चार दारांवर चालत होतं. कागदावर मात्र पाच सीट.

यावर जरा थांबायला पाहिजे. 2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत सुरू झालं तेव्हापासून देशात टॉयलेटं खूप बांधली गेली, ते काम खरंच झालं, बाहेर लाल-पिवळ्या-हिरव्या बटणांची अभिप्रायाची मशीन पण बऱ्याच ठिकाणी लागली. पण मोजणी होते ती सीटची. सीट बांधली की मोजली. ती आज दुपारी दोन वाजता उघडी आहे का हे कोण मोजतं? 2011 मधे मुंबईत बायकांच्या संघटनांनी राइट टू पी ची मोहीम सुरू केली तेव्हा मागणी काही मोठी नव्हती, बायकांना रस्त्यावर असताना मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुतारी पाहिजे. त्यातलं आधी काय पाहिजे तर दार उघडं पाहिजे.

[दृश्य: दाराची आतली बाजू, कडी, तिच्या भोकात बारीक स्विच बसवताना]

मग त्यांनी दुसरा स्विच बसवला, आणि हा माझ्या मते खरा सेन्सर. कडी सरकवली की ती चौकटीतल्या या भोकात जाते, त्या भोकाच्या तळाला हा छोटा लिमिट स्विच, कडीचं टोक त्याला दाबतं. बाहेरून कुलूप लावलं तर तो कोयंडा वेगळा, आतली कडी उघडीच राहते. आता हिशोब असा झाला: दार बंद आणि आतून कडी लागलेली, म्हणजे आत माणूस. दार बंद पण कडी नाही आणि तासन् तास दार हललंच नाही, म्हणजे बाहेरून कुलूप असणार, बोर्डावर पिवळा दिवा. दार बंद, कडी नाही, पण मधूनमधून हलतंय, म्हणजे रिकामं.

असं वाटलं होतं. पण दोन नंबर.

दोन नंबरची पट्टी बघा, दिवसभर हिरवी, आणि दार मात्र सारखं उघडतंय, लागतंय, तीन-चार मिनिटांनी पुन्हा उघडतंय. कडी एकदाही नाही. याचं उत्तर लॅपटॉपमधे नव्हतं, ते या शॉटमधे आहे, बाहेरून दार ओढून धरलेला हात आणि हातात दोन पिशव्या. कडी तुटलेली होती. एक आत जाते, दुसरी बाहेरून दार धरते. जी एकटी आलीय ती दोन नंबर सोडून देते आणि लाइनीत थांबते, किंवा तशीच परत दुकानात जाते.

तुटलेली कडी कुठल्याच ॲपवर दिसत नाही. रेटिंगमधे "अस्वच्छ" लिहायला चौकोन असतो, "कडी नाही" लिहायला नसतो. इथं ते सेन्सरनंच सांगितलं, स्वतः न दाबला जाऊन. पोट्ट्यांनी मग प्रोग्रॅममधे तेवढी एक ओळ घातली: दार बऱ्याच वेळा हललं आणि कडी एकदाही लागली नाही तर कडी तपासा.

चार नंबरचं कुलूप निघालं, दोन नंबरला नवी कडी बसली, लाइन आता बरीच लवकर सरकते.

[दृश्य: मावशी बादली भरताहेत, मागं दिवे]

अजून एक गोष्ट यातूनच निघाली. साफसफाई आधी घड्याळावर होती, ठरलेल्या वेळेला. आता कडी किती वेळा लागली ते मोजलं जातं आणि ठरावीक आकडा झाला की मावशींच्या खुर्चीजवळचा निळा दिवा लागतो. आकडा किती ठेवायचा ते मावशींनीच ठरवलं, सणाच्या दिवशी कमी, एरवी जास्त. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण असली मशीनं लागली की पुढचा प्रश्न लगेच येतो, कामवाली किती वाजता आली, किती मिनिटं बसली. त्यासाठी हा डेटा वापरायचा नाही हे आधीच ठरलंय, आणि ते तसंच राहिलं पाहिजे. बायकांच्या बाजूनंही तेच, कोणती बाई किती वेळ आत होती अशी नोंद ठेवलीच जात नाही, पंधरा-पंधरा मिनिटांचा एकत्र आकडा राहतो बाकी पुसलं जातं.

बायकांना पुरुषांपेक्षा जास्त वेळ लागतो, साडी असते, पिशवी टांगायला खुंटी नसते, सोबत लेकरू असतं, पाळी असते. म्हणून सारख्याच सीट दिल्या तरी लाइन बायकांचीच लांब. दिवसभर पाणीच न पिणाऱ्या दुकानातल्या मुली आणि त्यातून होणारं लघवीचं इन्फेक्शन, हे तर कुठल्याही डॉक्टरबाईंना विचारा.

[दृश्य: दीक्षाभूमी, स्तूप, गर्दी]

पोट्ट्यांचं पुढचं डोक्यात आहे ते हे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, कडेवर लेकरं घेऊन, रात्रभर प्रवास करून. तात्पुरत्या टॉयलेटच्या लांबच लांब रांगा लागतात, आणि कुठल्या रांगेत किती रिकामी आहेत ते उभं राहून कळत नाही, पहिल्या चार-पाच दारांवर गर्दी तुटून पडते. तिथं मोबाईलचं नेटवर्क त्या दिवशी टेकीला येतं, म्हणून दिव्यांची माहिती लोरा रेडिओनं पाठवायची, म्हणजे कमी बॅटरीत लांबवर छोटे मेसेज पाठवणारा रेडिओ. 865 ते 867 मेगाहर्ट्झ, आपल्याकडं याला लायसन्स लागत नाही, मेसेज अगदी छोटा, दार नंबर आणि लाल-हिरवा एवढाच, बॅटरी दिवसचे दिवस टिकते. त्या प्लॅस्टिकच्या कॅबिनची कडी फिरवली की बाहेरची लाल-हिरवी पट्टी फिरते ना, स्विच तिथंच बसेल, ड्रिल मारायची पण गरज नाही.

अडचण पाण्याची आहे, म्हणजे धुताना पाइपनं जे पाणी मारतात त्याची. बुर्डीतले दोन डबे तसेच गेले. आता सर्किटवर इपॉक्सी, म्हणजे सुकून घट्ट होणारा चिकट द्रव, ओतून बघताहेत, आणि बोर्ड खांद्याच्या उंचीवरून काढून डोक्याच्या वर नेताहेत, कारण गर्दीत पुढच्या बाईच्या पाठीमुळं मागच्यांना तो दिसतच नाही. ज्यांचा सोल्डरिंगला हात बसलेला आहे, किंवा ज्यांच्या ओळखीच्या टॉयलेटच्या दाराला आतून कडी नाही, त्यांनी खाली लिहा.