बी निघून गेलं, माती मागे राहिली

(दृश्य : टेबलावर सिगारच्या दोन पेट्या. दोन्हींवर एकच नाव : माँटेक्रिस्टो.)

नाव एकच, पण पेट्या दोन देशांतल्या. डावीकडची क्यूबाची राजधानी हवानाची. उजवीकडची डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ला रोमाना गावच्या कारखान्यातली. आतलं पान वेगळं, शेत वेगळं, मालक वेगळे. डावीकडची पेटी अमेरिकेतल्या दुकानात विकता येत नाही. उजवीकडची बनते तीच मुख्यतः अमेरिकेसाठी. रोमिओ इ हुलिएता, पार्तागास, एच. उपमन, कोहिबा... क्यूबातल्या बऱ्याच नामांकित सिगारांची अशी दोन-दोन घरं आहेत.

कुठल्या देशाची सिगार सरस, असं कुणी विचारलं की आधी ही फाळणी समजून घ्यावी लागते. आणि तीही शेतापासून.

(दृश्य : पिनार देल रिओ. तांबडी माती, पांढऱ्या कापडाचे मांडव, ताडपत्रांनी शाकारलेली उंच कोठारं.)

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांत. त्यात व्हुएल्ता आबाहो नावाचा पट्टा, आणि त्यातही सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या दोन गावांचा परिसर. माती हलकी, वाळूमिश्रित, पाण्याचा निचरा चांगला. हिवाळा कोरडा. पानं एकदम तोडत नाहीत. खालून वर जात, थोडी थोडी खुडतात. कारण एकाच झाडावर पानांचे स्वभाव वेगवेगळे असतात. तळाचं पान, व्होलादो, सौम्य आणि चटकन पेट घेणारं. मधलं सेको सुगंधाचं. शेंड्याचं लिगेरो उन्हात तापून जाड, तेलकट आणि कडक झालेलं. ते सावकाश जळतं, म्हणून सिगारच्या मधोमध ठेवतात. या तिघांचं प्रमाण म्हणजेच त्या सिगारची चव. त्यांच्याभोवती बांधणीचं एक पान, आणि सगळ्यांत बाहेर वेष्टनाचं. वेष्टनाचं झाड कापडी मांडवाच्या सावलीत वाढवतात, म्हणजे पान पातळ, मऊ, एकसारख्या रंगाचं होतं.

वाळलेली पानं मग ढिगात रचून मुरवतात. ढीग आतून तापतो, पानातला अमोनिया उडून जातो. तापमान फार चढलं की ढीग मोडायचा, पानं खालीवर करायची, पुन्हा रचायचा. घाई केली, तर अर्धवट मुरलेल्या लोणच्यासारखा कच्चेपणा राहतो आणि पहिल्याच झुरक्याला जिभेला झोंबतो. कोहिबासाठीची काही पानं तर पिंपांत भरून आणखी एकदा मुरवतात.

(दृश्य : हवानातला कारखाना. रांगेत बसलेले वळणारे कामगार. उंच आसनावर एक जण वाचतोय.)

वळणाऱ्याला म्हणतात तोर्सेदोर. त्याची हत्यारं मोजकी : एक फळी, अर्धगोल पातं, थोडा वनस्पतीचा डिंक. समोर बसलेला आहे तो वाचक. कामगारांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवण्याची ही प्रथा हवानात १८६५ पासूनची. या धंद्यातली मला सगळ्यांत आवडलेली नोकरी हीच.

आता फाळणी. १९६० मध्ये फिडेल कास्त्रोंच्या सरकारनं कारखाने ताब्यात घेतले. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. त्यांचे माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढं स्वतःच सांगितलं, की अध्यक्षांनी आदल्या संध्याकाळी आपल्याला क्यूबन सिगार गोळा करायला धाडलं होतं. सकाळी बाराशे मिळाल्या असं कळल्यावर त्यांनी सही केली.

कारखाने गेल्यावर माणसं देश सोडून निघाली. सोबत बियाणं गेलं आणि हातातलं कसब गेलं. माती मात्र कुणालाच नेता आली नाही.

होसे ओर्लांदो पाद्रोन हे पिनार देल रिओच्याच तंबाखू शेतकरी घराण्यातले. मायामीत सुतारकाम करून त्यांनी सहाशे डॉलर साठवले आणि १९६४ मध्ये सिगारचा धंदा सुरू केला. १९७० मध्ये ते निकाराग्वातल्या एस्तेलीला गेले, कारण तिथं क्यूबन बियाणं चांगलं रुजत होतं. १९७८ मध्ये, तिथल्या क्रांतीच्या धामधुमीत, कारखाना जळाला. तो पुन्हा उभा राहतो न राहतो तोच १९८५ मध्ये रेगन सरकारनं निकाराग्वावरही व्यापारबंदी घातली. म्हणजे एका बंदीनं ज्याच्या धंद्याला अमेरिकेची बाजारपेठ मोकळी करून दिली, त्याच्याच गळ्याशी दुसरी आली. तरीही पाद्रोन टिकले, आणि आज निकाराग्वातल्या सर्वोत्तम सिगारांची यादी त्यांच्या नावाशिवाय होत नाही.

(दृश्य : एस्तेलीची काळी शेतं. मग ओमेतेपे बेट, मागे ज्वालामुखी.)

निकाराग्वाचं बळ असं, की एकाच छोट्या देशात चार तऱ्हेची पानं मिळतात. एस्तेलीच्या काळ्या, भारी जमिनीतलं कडक, मिरीसारखं तिखट. उत्तरेकडच्या हालापाचं मऊ, गोडसर. कोंदेगाचं या दोन्हींच्या मधलं. आणि सरोवरातल्या ओमेतेपे बेटावरचं, ज्वालामुखीच्या राखेत वाढलेलं, मातकट वासाचं.

डॉमिनिकन रिपब्लिकची ओळख याच्या उलट : सौम्य, सायीसारखी मऊ सिगार. सांतियागो शहराभोवतीचं सिबाओ खोरं हे तिचं माहेर. दाविदॉफ कंपनीनं १९८९ मध्ये दर्जा घसरला म्हणून लाखाहून अधिक क्यूबन सिगार जाळल्या आणि बस्तान इथं हलवलं. फुएन्ते घराणंही एस्तेलीतला कारखाना जळाल्यावर १९८० मध्ये इथं आलं. या देशात वेष्टनाचं पान पिकणारच नाही, असं जाणकार ठामपणे म्हणत. कार्लोस फुएन्ते धाकटे यांनी ते पिकवलं, आणि १९९५ मध्ये ओपस एक्स ही संपूर्ण डॉमिनिकन पानाची सिगार बाजारात आली. आजही ती सहज हाती लागत नाही.

होंडुरासचं पान रांगडं. तिथल्याच कारखान्यांतून सिगार वळून घेत, नव्वदच्या दशकात, हॉलीवूडमध्ये वकिली करणाऱ्या भारतीय वंशाच्या रॉकी पटेल यांनी स्वतःचं नाव उभं केलं. इक्वेडोरवर ढगांचं छत असतं, म्हणून कापडी मांडवाशिवायच उत्तम वेष्टन तयार होतं. तलम सोनेरी हवं, तर अमेरिकेतल्या कनेक्टिकटचं. किंचित खरखरीत, गोडसर हवं, तर कॅमेरूनचं.

आणि खरा फरक मला इथं दिसतो. सांतियागो किंवा एस्तेलीचा कारखानदार इक्वेडोरचं वेष्टन, निकाराग्वाचं पोट (म्हणजे आत भरलेली पानं) आणि कॅमेरूनचं काहीतरी, असं जमवू शकतो. एका खोऱ्यात पीक बुडालं, तर दुसरीकडून भर घालतो. क्यूबाच्या हाताशी हा मार्ग नाही. हवाना सिगार म्हणजे शंभर टक्के क्यूबन पान. तीच तिची शान आणि तीच तिची अडचण. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन चक्रीवादळ थेट पिनार देल रिओवर आदळलं. पानं वाळवण्याची हजारो कोठारं भुईसपाट झाली.

माणसांच्या चुकाही आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जगभर सिगारची लाट आली, क्यूबानं उत्पादन रेटलं, आणि एवढ्या नावाजलेल्या सिगारांतून धूरच येईना. पोट गच्च वळलेलं. पुढं ओढ, म्हणजे धूर किती सहज ओढला जातो ते, तपासणारी यंत्रं बसवली, तेव्हा तक्रारी कमी झाल्या. पूर्ण थांबल्या, असं कुणी म्हणणार नाही.

(दृश्य : परीक्षकांचं टेबल. नावाच्या पट्ट्या काढलेल्या सिगार.)

परीक्षक पाहतात ते असं : वेष्टनावर जाड शिरा नकोत, ओढ मोकळी हवी, पण पोकळ नको, निखाऱ्याचं कडं सरळ खाली सरकावं, राख टिकावी, चव पहिल्या तिसऱ्या भागाहून शेवटच्या भागात बदलावी, पण कडवट होऊ नये. धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडतात. म्हणून सिगार निरुपद्रवी, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग तिनंही होतो.

‘सिगार अफिसिओनाडो’ मासिक पट्ट्या काढून असे गुण देतं. त्यांच्या यादीत वर्षातली सर्वोत्तम सिगार २०१० मध्ये क्यूबाची कोहिबा बेहीके होती, २०१२ मध्ये एस्तेलीची फ्लोर दे लास अंतियास, २०१३ मध्ये पुन्हा क्यूबाची माँटेक्रिस्टो क्रमांक २. पहिला नंबर असा फिरता आहे.

माझं मत विचाराल, तर चांगल्या सालातली, नीट मुरलेली हवाना जे देते ते दुसरीकडं अजून सापडलेलं नाही. पण पेटीतल्या पंचविसांपैकी पंचवीसही तशाच निघाव्यात असं वाटत असेल, तर पेटी एस्तेलीची घ्यावी. अमेरिकेला हातानं वळलेल्या सिगारांचा सर्वाधिक पुरवठा आज निकाराग्वाच करतो.

किमतीचं गणित मात्र दर्जापासून केव्हाच सुटलंय. २०२२ मध्येच क्यूबाच्या हबानोस कंपनीनं कोहिबाचे जगभरातले दर हाँगकाँगच्या पातळीवर नेले, आणि कित्येक देशांत ते रातोरात दुपटीवर गेले. शेत तेच, वळणारे हातही तेच.