बॉनेटखालचा आवाज: आधी ‘केव्हा’, मग ‘कुठून’

(पडदा काळा. फक्त आवाज: संथ लयीत चालणारं इंजिन.)

हे इंजिन निरोगी आहे. मिनिटाला साधारण ८०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला तेराहून थोड्या अधिक. चार सिलिंडर असतील तर तेवढ्या एका सेकंदात इंधन सव्वीस-सत्तावीस वेळा पेटतं. व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात, पट्टा धावतो, मधेच पंखा घरघरून उठतो. आवाज असणारच.

(आवाज जवळ येतो. बारीक, भरभर टिकटिक.)

ही टिकटिक ऐकलीत? थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचे इंजेक्टर असेच वाजतात. डिझेलची कडकडही अशीच जन्मजात. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपसूक पेटतं आणि दाब एकदम चढतो, तो हा आवाज. गार इंजिनात तो जास्त येतो. गाडी बंद केल्यावर खालून येणारी टिक... टिक... म्हणजे तापलेला धातू आकसतोय. यांतला एकही बिघाड नव्हे. म्हणून गाडी धडधाकट असतानाच एकदा बॉनेट उघडावं, गार आणि गरम अशा दोन्ही वेळी ऐकावं. नेहमीचा आवाज ओळखीचा असला तरच परका आवाज वेगळा कळतो.

(दृश्य: उघडं बॉनेट. एक माणूस आत वाकून मान इकडून तिकडे वळवतोय.)

आता समजा, परका आवाज आलाच. बहुतेक जण लगेच विचारतात, “कुठून येतोय?” प्रश्न योग्य आहे, पण तो नंतरचा. आवाज दोन कानांवर किंचित पुढेमागे पोहोचतो, त्यावरून आपल्याला दिशा कळते. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. उघड्या मैदानात तेवढा पुरतो, बॉनेटखाली पुरत नाही. पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर जातो, हवेतून सुमारे ३४०. इंजिनाच्या तळाशी पडलेला ठोका ब्लॉकमधून (इंजिनाचं धातूचं मुख्य धड), ब्रॅकेटमधून, पत्र्यातून सगळीकडे पसरतो आणि भलतीकडूनच हवेत उतरतो. डावीकडून ऐकू आला म्हणून डावीकडचा भाग बदलणं हा फार महागात पडणारा अंदाज आहे.

म्हणून आधी ‘केव्हा’. गार असताना येतो की तापल्यावर? रेस केल्यावर वाढतो का? जागेवर रेस केली तरी येतो, की गाडी ओझं ओढत असेल, चढावर असेल तेव्हाच? एसी लावल्यावर? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर? क्लच दाबल्यावर बदलतो का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं. घाई केली की दोन गोष्टी एकदम बदलतात आणि उत्तर हातून निसटतं. उभ्या गाडीत कितीही रेस केली तरी आवाज नाही, पण चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढतो, असं असेल तर बॉनेट खुशाल बंद करा. चाकाचं बेअरिंग, टायर, ब्रेक तिथे बघायला हवं.

(आवाज: गार इंजिन सुरू होतं. लांब, चिरका ‘चींईई’.)

हा पट्टा. अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपसुद्धा तोच फिरवतो. सेल्फ मारताना बॅटरीतून बरीच वीज गेलेली असते. ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो, पट्ट्यावरची ओढ वाढते आणि तो पुलीवर घसरतो. ताण कमी झालेला असेल, पट्टा झिजला असेल किंवा त्यावर तेल, कूलंट गळत असेल.

याच पट्ट्याचा दुसरा आवाज आहे.

(आवाज: तुटक, लयीतली चिवचिव.)

ही बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याची खूण. दोन्हींतला फरक ओळखायची चाचणी साधी आहे. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारायचं, हात लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्यांची रेष बिघडली आहे. उलट पाण्याने तो आणखी चढला, तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण तपासायचा. पट्ट्यावर मारायचे चिकट फवारे मिळतात. ते मारल्यावर आवाज काही दिवस दबतो आणि कारण तसंच राहतं. ते वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुने निओप्रीनचे पट्टे झिजले की त्यांना भेगा पडत आणि त्या डोळ्यांना दिसत. हल्लीचे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते भेगा न पडताच झिजतात, त्यांच्या खाचा नुसत्या रुंद आणि खोल होत जातात. वरून पट्टा छान दिसला, एवढ्यावर भरवसा ठेवण्याचे दिवस गेले. खाचांत बसवून बघायचं छोटं प्लास्टिकचं माप मिळतं, ते वापरावं.

(दृश्य: पट्टा काढलेला. हात एकेक पुली फिरवतोय.)

सलग घरघर किंवा गुणगुण असेल तर संशय बेअरिंगवर. पट्टा काढण्याआधी तो कुठून कसा गेलाय त्याचा फोटो घ्या. मग तो काढून इंजिन थोडंसं चालवा. आवाज गेला तर तो पट्ट्यावर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा, राहिला तर आणखी आत. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आत इंजिन बंद करायचं, नाहीतर ते तापेल. त्यानंतर बंद गाडीत प्रत्येक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग मुकाट फिरतं. खराब झालेल्याची खरखर बोटांना लागते, पुली डुलते. अल्टरनेटरची पुली क्रँकच्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) दोन-तीन पट वेगाने फिरते, त्यामुळे तिथलं दुखणं वरच्या पट्टीत गुणगुणतं.

(दृश्य: फिरता पंखा, जवळून. आवाज बंद.)

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. सैल बाही, मोकळे केस, गळ्यातलं काहीही फिरत्या पट्ट्याजवळ नको. हातमोजेही नकोत, पट्टा मोज्यासकट हात ओढून नेतो. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारांना हात लावू नका. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून ऐकत उभे राहू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

(दृश्य: लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या शेजारी रबरी नळीचा तुकडा.)

आता ‘कुठून’. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून हृदय ऐकलं आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप त्याच घराण्यातला, फक्त टोकाला पोलादी सळी. तो नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर चालतो. टोक स्थिर भागावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. अल्टरनेटरचं घर, पंपाचं घर, टेन्शनरचा (पट्टा ताणून धरणारा भाग) बोल्ट असं एकेक ऐकत जा. जिथे आवाज एकदम स्पष्ट, खडबडीत होतो, तिथे थांबा.

पण सळीला फक्त धातूचा थरथराट कळतो. फुसफुस हवेत असते, ती ऐकायला रबरी नळी. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं होसच्या जोडांवरून फिरवायचं. फाटकी व्हॅक्यूमची नळी असेल तर नळीत सूं सूं एकदम मोठं होतं. अशा गाडीचं आयडलिंगही बहुधा चढलेलं किंवा डळमळीत असतं. टर्बोच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच फुसफुस येऊन ओढ कमी झाली, तर इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) होसकडे बघा.

(आवाज: इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक.)

टकटक फसवी असते. इथे लय मोजायची. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. म्हणून टॅपेटचा (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला छोटा भाग) ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पडतो, ८०० फेऱ्यांवर सेकंदाला सहा-सात. क्रँकबरोबर पडणारा ठोका याच्या दुप्पट घाईचा. वरून येणारी संथ टकटक ऐकली की पहिलं काम ऑइलची डिपस्टिक काढणं. हायड्रॉलिक टॅपेटमधलं ऑइल रात्रभरात उतरतं, ते परत भरेपर्यंत सकाळी थोडा वेळ टकटक होते. ती तापल्यावरही राहिली तर ऑइलची पातळी, दर्जा आणि दाब तपासायलाच हवा.

हुबेहूब अशीच टकटक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्या) फुटक्या गॅस्केटमधूनही (जोडातली सीलपट्टी) येते. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, फट मिटते आणि आवाज कमी होतो. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा डाग दिसला तर टॅपेट उघडण्याची गरज नाही. सुरू होताच सेकंदभर साखळी खडखडली तर ती टायमिंग चेन (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) असू शकते, आणि तिला वेळ देऊ नये. साखळी एखादा दात चुकून सरकली तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात.

(आवाज: गाडी चढावर. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर किणकिण.)

डब्यात मूठभर खिळे हलवल्यासारखी ही किणकिण फक्त ओझ्याखाली येते. ठिणगीने पेटवलेली ज्वाला सिलिंडरभर पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. दाबाच्या लाटा भिंतींवर आपटतात आणि नेहमीच्या आकाराच्या सिलिंडरमध्ये सेकंदाला सहा-सात हजार कंपनं उठतात. १९२१ च्या डिसेंबरमध्ये थॉमस मिजली याला जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की ही किणकिण थांबते. इंजिनांचा आवाज थांबला, पण शिसं जगभरच्या हवेत आणि मुलांच्या रक्तात गेलं. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अल्जेरिया हा शेवटचा देश थांबला तो २०२१ मध्ये. एका आवाजावरच्या चुकीच्या उपायाची एवढी मोठी किंमत यंत्रांच्या इतिहासात क्वचितच कुणी मोजली असेल.

आज ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर नेमकी तीच कंपनं ऐकतो आणि संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. तरीही किणकिण ऐकू येत असेल तर कमी ऑक्टेनचं पेट्रोल, साठलेला कार्बन, जास्त तापलेलं इंजिन किंवा सेन्सरच बंद, अशी शंका घ्यावी. तोवर अ‍ॅक्सिलरेटर सैल सोडा, खालचा गिअर टाका. किणकिणत चढ चढवू नका, पिस्टन फुटू शकतो.

(आवाज: जड, खोल ठक-ठक-ठक.)

हा ऐकू आला की गाडी सुरक्षित ठिकाणी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या वळणापर्यंतसुद्धा चालवू नका. कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली जागा मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते आणि तिच्यात ऑइलचा पातळ थर असतो. बेअरिंग झिजलं की ती जागा वाढते, ऑइल निसटतं आणि धातू धातूवर आदळतो. मेकॅनिक एकेक सिलिंडरचं इंधन तोडून बघतो. ज्या सिलिंडरला ठोका मऊ पडतो, दोष तिथला. तसंच चालवत राहिलं तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. गाडी ओढूनच न्यायची.

याच्याशी गल्लत होते ती गार पिस्टनच्या ठकठकीची. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे गार असताना पिस्टन जरा सैल असतो आणि तापल्यावर नीट बसतो. तो ठोका पोकळ असतो आणि इंजिन तापत जाईल तसा विरतो. रॉडचा ठोका मात्र ऑइल तापून पातळ झाल्यावर सहसा वाढतो.

(दृश्य: किल्ली फिरते. भराभर टक्-टक्-टक्.)

सेल्फ मारल्यावर हे आलं तर बॅटरी किंवा तिची टोकं. एकच ‘टक्’ येऊन शांतता झाली तर बॅटरीसोबत सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडून देणारा स्विच) आणि स्टार्टरही तपासा.

(दृश्य: फोनवर रेकॉर्डिंग सुरू.)

गॅरेजमध्ये जाताना आवाज फोनवर टिपून न्या, पण फोनवर पूर्ण विसंबू नका. जड, खालच्या पट्टीचे ठोके तो नीट पकडत नाही आणि मोठा आवाज आपोआप दाबतो. रेकॉर्ड करताना तोंडाने सांगत राहा: इंजिन गार आहे, आता रेस वाढवली, आता एसी लावला. मेकॅनिकला “खडखड येते” एवढ्यावर फार थोडं कळतं. “गार असताना पहिली दोन मिनिटं, रेसबरोबर वाढतो, एसीने फरक नाही” हे वाक्य त्याला थेट कामाला लावतं. आणि आवाज फक्त गार इंजिनात येत असेल तर गाडी चालवत नेऊन दाखवू नका, पोहोचेपर्यंत ती तापलेली असेल. आदल्या संध्याकाळी गाडी तिथे ठेवा आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकलाच मारू द्या.