भिंतीला पोट आलंय

नमस्कार मंडळी.

आज गाडीच्या जागेबद्दल बोलायचंय, म्हणजे खरं तर तिच्या मागच्या भिंतीबद्दल. आपल्याकडे नाशकात म्हसरूळ, मखमलाबाद, तिकडे पांडवलेण्यांच्या पायथ्याला उताराचे प्लॉट पुष्कळ. घर वर, रस्ता खाली. गाडी लावायची तर अंगणाचा तुकडा खोदून रस्त्याच्या पातळीला आणायचा आणि राहिलेली माती भिंतीनं धरून ठेवायची. हाताशी पैसे थोडे. मग विटांची भिंत उभी राहते.

आमचीही राहिली होती. 18 फूट लांब, साडेचार फूट उंच, नऊ इंची विटांची. वर गिलावा, त्याला पिवळा रंग. मागे तीन फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम. उन्हाळ्यात बांधली, जून-जुलै नीट गेले. श्रावणात झड लागली. त्या आठवड्यात गोदेला पूर होता, दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हणून सगळं गाव बघायला गेलं होतं. मीही गेलो होतो. घरी आलो तर आई दारातच उभी. म्हणाली, "अरे, भिंतीला पोट आलंय बघ."

ओळंबा लावला. भिंत मधोमध दोन इंच पुढे आली होती. मी काय केलं, तर सिमेंट कालवून चिरा भरल्या. आई म्हणाली, "आतलं दुखणं बाहेरून लिंपून जातं होय?" मी ऐकलं नाही. पहाटे साडेतीनला आवाज झाला. मोठा नव्हता, धान्याचं पोतं पडावं तसा. बॅटरी घेऊन बाहेर आलो तर अख्खी भिंत एका लादीसारखी आडवी, आणि तिच्याखाली माझी स्कूटर. गाडी धाकटा भाऊ सिन्नरला घेऊन गेला होता. लेकरं रोज संध्याकाळी त्याच भिंतीला टेकून खेळायची. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मंडळी, त्यानंतर दोन दिवस पाऊस उघडला होता, तरी त्या उघड्या मातीतून पाणी झिरपतच होतं. दोन दिवस! एवढं पाणी भिंतीमागे कोंडलं होतं आणि त्याला निघायला बोटभर भोकही नव्हतं.

आता हिशोब सांगतो, नीट ऐका. दीड मीटर उंचीची भिंत धरा. मागची माती कोरडी मुरमाड असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेसातशे किलोचा रेटा येतो. त्याच भिंतीमागे पाणी वरपर्यंत तुंबलं, तर एकट्या पाण्याचा रेटा अकराशे किलोच्या वर जातो. मातीचा वेगळा, काळ्या मातीचं फुगणं त्याहून वेगळं. आणि उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो. म्हणून पहिली गोष्ट, पाण्याला वाट द्या. पुन्हा सांगतो, पाण्याला वाट द्या.

दुसरी भिंत बांधायला त्र्यंबककडचे एक म्हातारे गवंडी आले. आम्ही त्यांना बाबाच म्हणायचो. त्यांनी टेप काढायच्या आधी विचारलं, "पाणी येतं कुठून, आणि जाणार कुठं?" मग म्हणाले, "विटा नको, दगड आणा." जुन्या नाशकात एक वाडा पाडत होते, त्याच्या जोत्याचे दगड जवळजवळ दोन ब्रास, म्हणजे दोनशे घनफूट, स्वस्तात मिळाले. (एक मनातलं बोलतो. शंभर-शंभर वर्षं ऊनपाऊस खाल्लेले ते घडीव काळे दगड लोक भरावात टाकतात आणि पुढच्या गेटला पातळ चकचकीत टाइल चिकटवतात. मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या घरी असे दगड असतील, त्यांनी ते विकू नयेत.)

बाबांनी पाया दीड फूट खाली, घट्ट मुरूम लागेपर्यंत नेला. खोदाई एकदम केली नाही, पाच-सहा फुटांचे तुकडे पाडून केली, म्हणजे वरची माती अंगावर यायला नको. भिंत उंचीला चार फूटच ठेवली, खाली सव्वादोन फूट रुंद, वर सव्वा फूट. पुढची बाजू वर जाताना मागे कलती. सिमेंट नाही, नुसती रचाई, सांध्यांत चिपा ठोकलेल्या. अधूनमधून पार मागपर्यंत जाणारा लांब दगड. मागे फूटभर रुंदीची खडी, आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्सटाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, म्हणजे गाळ आत शिरत नाही.

आणि प्रत्येक थर झाला की बाबा मागच्या खडीत कळशीभर पाणी ओतायचे. मग पुढे येऊन उकिडवे बसायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. दगडांमधून पाणी पाझरलं की म्हणायचे, "हं, ठेवा पुढचा." तिसऱ्या थराला पाणी आलंच नाही. दुसरी कळशी ओतली. आईनं आणलेला चहा निवून गेला, तरी बाबा हलेनात. शेवटी चार दगड उपसले, तर माझ्या पुतण्यानं खडी कमी पडली म्हणून खोदलेली काळी मातीच मागे दडपली होती. पोरगं रडवेलं झालं. बाबा रागावले नाहीत. त्यानं स्वतःच्या हातानं माती काढली, खडी भरली, आणि तिसरी कळशी बाबांनी त्यालाच ओतायला लावली. पाणी आलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

सिमेंटात बांधणार असाल तर सांधे बंद होतात, म्हणून तीन इंची पाइप घाला, दर पाच-सहा फुटांवर, पुढे उतार देऊन. आम्हीही तळाशी तीन घातले आहेत. निघालेलं पाणी गटारीला न्या, शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नका. गाडी भिंतीच्या वरच्या अंगाला लावायची असेल किंवा उंची पाच फुटांच्या वर जात असेल, तर इंजिनिअरची फी द्या, तिथे हात आखडू नका. पैसे वाचवायचेच तर उंचीत वाचवा, एका उंच भिंतीऐवजी लांब अंतर सोडून पायरीसारख्या दोन बुटक्या भिंती करा. आणि काम मृगाच्या आधी संपवा.

आमच्याकडे पहिला मोठा पाऊस झाला की आई छत्री घेऊन खाली उतरते आणि पाइप मोजते. यंदा वरूनच हाक मारली तिनं, "तिसरा अजून कोरडा आहे रे!" मी सळई घेऊन गेलो. आत पारिजातकाची मुळी शिरली होती.

नमस्कार.